श्रेयांक मिळतील, काम द्याल का?

बाळापूर तालुक्यात वाडेगावकडचा भाग लिंबाचा. खरिपात कृषी महाविद्यालयाच्या मुली अशा गावांत मुक्कामाला आल्या, की बांधावर दोन प्लास्टिकच्या टाक्या मांडल्या जातात. एकीत किलोभर मोरचूद, दुसरीत किलोभर कळीचा चुना, पाणी मिळून शंभर लिटर. दोन्ही द्रावणं एकत्र ओतली की एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण तयार. त्याची तपासणी पुस्तकात एका ओळीत उरकते. शेतकरी विळा बुडवून दाखवतो. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडलाय. तसंच फवारलं तर कोवळी पालवी करपणार. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेली मुलगी परीक्षेतच काय, जन्मात विसरत नाही.

गावकरी त्यांना कृषिकन्या म्हणतात, मुलांना कृषिदूत. कागदावर हा ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’. १९९२ च्या रंधावा समितीच्या शिफारशीतून तो रुजला आणि २०१५ मध्ये ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रमात सामावला गेला. पाचव्या अधिष्ठाता समितीच्या अभ्यासक्रमात त्याला वीस आठवडे आणि वीस श्रेयांक दिले होते; त्यातले आठ आठवडे गावात, तीन कृषी उद्योगात. म्हणजे विद्यार्थ्याला हाताशी घेऊन श्रेयांकांचं काम शिकवणं वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला नवं नाही. आता पाळी बाजारपेठेची आहे.

नव्या शैक्षणिक धोरणाने कला, वाणिज्य, विज्ञानाच्या मुलांनाही ही वाट मोकळी केली. राज्याच्या आराखड्यात पदव्युत्तरच्या पहिल्याच वर्षी चार श्रेयांकांचं ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आहे. एका श्रेयांकाला तीस तास, म्हणजे एकूण एकशे वीस. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. अमरावती विद्यापीठाच्या महाविद्यालयांतली मुलं त्यासाठी जागा शोधत फिरतात आणि बहुतेकांच्या तोंडी पहिलं नाव येतं पारसच्या औष्णिक केंद्राचं. अडीचशे मेगावॉटचे दोन संच, मोठं नाव. पण सगळ्यांनी त्याच फाटकाशी रांग का लावावी? जिनिंग, दालमिल, पतसंस्था, कर सल्लागाराचं कार्यालय, कृषी सेवा केंद्र, नगरपरिषद... माझ्या मते, एम.कॉम.च्या मुलाला जीएसटीचं विवरणपत्र मोठ्या कंपनीपेक्षा हायवेलगतच्या ठोक दुकानात लवकर कळेल. तिथं बिल, उधारी आणि गल्ला एकाच टेबलावर असतात.

दुकानदाराची पहिली शंका असते, ‘पोराला पगार द्यावा लागेल का?’ श्रेयांकांसाठी आलेला विद्यार्थी हा नोकर नव्हे, आणि १९६१ च्या कायद्याखालचा शिकाऊ उमेदवारही नव्हे; त्या उमेदवाराला विद्यावेतन द्यावंच लागतं. इथं मानधन खुशीचं. तरी अकोल्याहून रोज येणाऱ्याला एसटीचं भाडं द्यायला काय हरकत आहे? महाविद्यालय पत्र देतं, बहुतेक वेळा सामंजस्य करारही करतं. तुमच्याकडून हवा असतो शिकवणारा एक माणूस, रोजची हजेरी, शेवटी कामाचा लेखी शेरा आणि प्रमाणपत्र.

खरी कीड या प्रमाणपत्रालाच लागते. ओळखीतून शिक्का मारून आणायचा, एक दिवसही न जाता! याच्या उलट टोकाला पोराला पोती उचलायला आणि चहा आणायला ठेवणारे. दोन्हीकडे श्रेयांक मिळतात, शिक्षण मिळत नाही. म्हणून आधी काम ठरवा, ते पूर्ण होईल एवढं लहान असू द्या. उधारीची वही संगणकावर चढवून थकबाकीची यादी काढणं. दालमिलमध्ये तुरीच्या आवक-जावकीचा महिन्याचा हिशेब जुळवणं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला बाळापूरचा किल्ला आणि मिर्झा राजे जयसिंहांच्या छत्रीची सचित्र माहितीपुस्तिका करायला सांगणं. काम संपल्यावर ते तुमच्याही उपयोगाचं असेल.

महाविद्यालयाच्या पत्राची वाट पाहत बसू नका. तुम्हीच प्राचार्यांना चार ओळी लिहा: काम कोणतं, दिवस किती, शिकवणार कोण आणि एका वेळी किती मुलं सांभाळता येतील.