घरच्या घरी मोनोफिन 🧜‍♀️

जलपरीसारखं पोहायचंय? मोनोफिन, म्हणजे दोन्ही पाय एकत्र अडकवायची शेपटीसारखी फिन, घरीही बनवता येते!

🔹 पातं: 3 मिमी पॉलिकार्बोनेट शीट घ्या. अ‍ॅक्रिलिक नको, ते वाकण्याऐवजी तडकतं. पुठ्ठ्यावर अर्ध्याच शेपटीचा साचा कापा, तो शीटवर गिरवा आणि तोच उलटवून दुसरी बाजू गिरवा. दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात.

🔹 पाय: जुन्या फिन्सचे रबरी बूट स्टेनलेस स्टीलचे नट-बोल्ट आणि रुंद वॉशर लावून पात्याला जोडा. बोल्टचं टोक पायाला लागता कामा नये.

🔹 कडा: पॉलिश पेपरने घासून त्यावर उभी चिरलेली प्लास्टिकची नळी बसवा.

पोहताना लाट छातीपासून निघून कमरेतून पायांपर्यंत जाऊ द्या, नुसते गुडघ्यातून पाय मारू नका.

⚠️ पाय झटकन निघतात ना, हे काठावरच तपासा. सोबत पट्टीचा पोहणारा हवाच. एकट्याने कधीच उतरू नका!

#मोनोफिन #जलपरी