दिवसावर फ्लॅट, महिन्यावर खाट

पांढऱ्या चादरींचे गठ्ठे आमच्या दुकानातून पूर्वी लॉजवाले नेत. आता वाकड, रावेत, मोशीकडचे फ्लॅटमालक नेतात. फ्लॅट एक आणि चादरी दोन डझन! चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. फ्लॅट महिन्यावर नाही, दिवसावर दिला जातो. चाकणच्या कारखान्यात यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर, मुलाखतीला आलेली मुले, लग्नाचे पाहुणे असे गिऱ्हाईक मोबाईलवरून येते. या धंद्यात आमचाही चार पैशांचा फायदा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

शहरांनी अशा भाड्याला बंदी करावी काय, हा वाद जगभर चालू आहे. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांहून कमी मुदतीने घर द्यायचे तर मालकाने स्वतः त्याच घरात राहिले पाहिजे, आणि पाहुणे दोनच. बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केले की, नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे दहा हजारांवर परवाने संपवायचे. तिथे तक्रार पर्यटकांची आहे. आपल्याकडे प्रश्न कामगारांचा आहे.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांची वसाहतही झाली. चाकणला कारखाने आले, तशा वसाहती आल्या नाहीत. खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगेच्या खोल्यांत कंत्राटी कामगार खाटेच्या हिशेबाने राहतो. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच गादीवर आडवा होतो. ज्याचे कामच चार-सहा महिन्यांचे, तो अकरा महिन्यांचा करार कसा करणार आणि डिपॉझिट कुठून आणणार? सरसकट बंदी आली तर वाकडचा फ्लॅटवाला वकील गाठील. खाट या मजुराची जाईल.

आमच्या भाच्याला चाकणला नोकरी लागली. तीन ठिकाणी फ्लॅट पाहिला, नाव सांगताच ‘कालच दिला’ असे उत्तर मिळाले. शेवटी सव्वा महिना तो दिवसाच्या भाड्यावर राहिला आणि अर्धा पगार त्यात गेला. गंमत पाहा, महिन्यावर देताना नाव विचारतात, दिवसावर देताना आधी पैसे विचारतात. म्हणून बंदीची मागणी ऐकली की आम्हाला त्या सव्वा महिन्याची आठवण होते.

तथापि मोकळीकही नको. शरीअतमध्ये इजारा जायज आहे. अट अशी की मुदत व भाडे आधी ठरलेले असावे आणि वापर हलाल कामासाठी असावा. शेजाऱ्याचा हक्क त्याहून वेगळा. रात्री दोन वाजता जिन्यात धिंगाणा झाला, तर मालक बरकतीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार?

कायदेही आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. परदेशी पाहुणा उतरला तर २४ तासांत त्याची माहिती कळवावी लागते. जीएसटीनेही २०२४ मध्ये रेषा ओढली. माणशी महिना २० हजारांपर्यंतचे भाडे आणि सलग ९० दिवसांचा मुक्काम असेल तर कर माफ. म्हणजे नव्वद दिवस टिकला तो रहिवासी, आधी गेला तो पाहुणा. कंत्राटदाराने दोन महिन्यांत काढून टाकलेला मजूर यात पाहुणाच ठरतो!

आमचे मत असे की, नोंद मालकाची करावी. फ्लॅट किती, खाटा किती, शौचालये किती, हे लिहून घ्यावे. एकाच मालकाचे पाच-सहा फ्लॅट दिवसावर चालत असतील तर ते लॉजच आहे, कर लॉजप्रमाणे घ्यावा. गावठाणात वरच्या मजल्यावर स्वतः राहून खालच्या दोन खोल्या देणाऱ्याला मात्र छळू नये.

आणि हे एकट्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने करून भागणार नाही. मोशी संपून इंद्रायणी ओलांडली की महापालिकेची हद्द सुटते. पुढे ग्रामपंचायती, चाकण नगरपरिषद आणि पीएमआरडीए. अलीकडे नियम कडक झाले तर गाद्या टेम्पोत घालून पलीकडे न्यायला अर्धा दिवसही लागत नाही.