वैमानिकाची पहिली चाकरी

बीड जिल्ह्यात प्रवासी विमान नियमितपणे उतरेल असा एकही विमानतळ नाही. केज तालुक्यातील युसूफ वडगावच्या रहिवाशाला विमानात बसावयाचे तर सोलापूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. तथापि बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेतलेल्या मुलामुलींची आकांक्षा विमानतळाची वाट पाहत थांबत नाही, आणि ज्या घरातून अशी एखादी मुलगी वैमानिक होण्यास निघते त्या घराचे सारे अर्थकारण काही वर्षे त्या एका निर्णयाभोवती फिरू लागते. किमान २०० तासांचे उड्डाण, प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी आणि मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम व विमानाची तांत्रिक माहिती या विषयांच्या परीक्षा पार पडल्याखेरीज नागरी विमान वाहतूक महासंचालनालय व्यावसायिक परवाना देत नाही. आणि गोंदिया, बारामती, धुळे वा नागपूर यांपैकी कोठेही प्रशिक्षण घेतले तरी त्याचा खर्च कित्येक लाखांत जातो. इतर मागास व भटक्या-विमुक्त समाजांतील काही विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाच्या ‘महाज्योती’ संस्थेने नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये सोय केली आहे, हे खरे. परंतु बहुसंख्य घरांना सात-बारा बँकेच्या दप्तरी ठेवूनच मार्ग काढावा लागतो.

म्हणूनच परवाना हाती आल्यावर पहिली चाकरी कोठे पत्करावी, हा प्रश्न त्या मुलीइतकाच तिच्या घराचाही असतो. मोठ्या कंपनीच्या जेट विमानाची प्रतीक्षा करीत बसावे, की लहान शहरांना जोडणाऱ्या प्रादेशिक कंपनीत तत्काळ रुजू व्हावे? माझे मत प्रारंभीच सांगतो: कंपनीचा जमाखर्च धड असेल आणि करारनामा न्याय्य असेल, तर नवोदित वैमानिकाने प्रादेशिक कंपनी निःशंकपणे स्वीकारावी. बसून राहिलेल्या वैमानिकाचा सराव सुटतो, परवान्यावरील पात्रतांच्या मुदती सरतात, आणि कर्जाचे व्याज मात्र एक दिवसही थांबत नाही.

प्रादेशिक सेवेची ही वाट आपल्या भागाला अनोळखी नाही. बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता त्या काळी बेगमपेठच्या विमानतळावरून ‘डेक्कन एअरवेज’ ही कंपनी चालत असे. १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना मिळविलेल्या प्रेम माथुर यांना, केवळ स्त्री म्हणून, एकामागून एक कंपन्यांनी नाकारले असता, या कंपनीने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले, आणि भारतातील पहिली व्यावसायिक महिला वैमानिक आपल्या मुलखाच्या कंपनीत उभी राहिली. १९४९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. परंतु आवश्यक तास पूर्ण होऊनही विमानाचे कॅप्टनपद त्यांना तेथे मिळाले नाही, आणि अखेर त्यांनी ती कंपनी सोडली. पुढे १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या, आणि माथुरही त्याच वर्षी इंडियन एअरलाइन्सच्या सेवेत आल्या. ज्या कंपनीने दार उघडले तिनेच वरच्या पायरीवर अडविले, हा त्यांचा अनुभव आजच्या उमेदवारानेही ध्यानी धरावा. कारण चाकरी मिळाली म्हणजे कमांड मिळाली असे नव्हे, आणि मुलाखतीत ‘येथील सहवैमानिक साधारणतः किती वर्षांनी कॅप्टन होतो?’ हे विचारण्यात उद्धटपणा मुळीच नाही.

लहान विमानावरील काम कमी प्रतीचे, हा समज मात्र मनातून काढून टाकला पाहिजे. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकात्याहून सिलचरला जे विमान नेले, आणि ज्याच्या वैमानिककक्षात दोन्ही आसनांवर स्त्रियाच होत्या, ते पंख्यांचे फोकर फ्रेंडशिप होते. आज आपल्याकडील बहुतेक प्रादेशिक मार्गांवर चालते ते एटीआर-७२ हे विमानही पंख्यांचेच, सत्तरएक प्रवाशांचे. ते साधारणतः २५,००० फुटांच्या वर जात नाही. त्यामुळे जेट विमान ज्या पावसाळी ढगांच्या पुष्कळदा वरून निघून जाते, त्या ढगांना वळसा घालीत, पंखांवर बर्फ साचते काय यावर लक्ष ठेवीत, एटीआरच्या वैमानिकाला वाट काढावी लागते. इंजिनाची शक्ती आपोआप राखणारी यंत्रणा त्यात नाही. धावपट्टी समोर दिसू लागली की दोन्ही शक्तिदांडे वैमानिकाच्या तळव्याखाली असतात, आणि वाऱ्याचा झोत बदलताच ते बोटभर पुढे-मागे सरकविण्याचा निर्णय त्याला स्वतः, त्याच क्षणी घ्यावा लागतो. तासा-दीड तासाच्या टप्प्यांमुळे एका दिवसात तीन-चार वेळा उड्डाण व अवतरण होते. दूरच्या देशी सात-आठ तास जाणाऱ्या विमानातील सहवैमानिकाच्या वाट्याला महिनाभरातही इतकी अवतरणे येतीलच असे नाही.

शिवाय लहान विमानतळ हेच एक स्वतंत्र शिक्षण आहे. सोलापूरचेच उदाहरण घ्या. तेथील धावपट्टीच्या मार्गात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उत्तुंग चिमणी उभी होती. वर्षानुवर्षे वाद चालून अखेर १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली, आणि २०२५ च्या जूनमध्ये गोव्याहून येणाऱ्या ‘फ्लाय ९१’ या कंपनीच्या एटीआरने तेथील नियमित सेवा सुरू झाली. भोवतालची वस्ती, टेकड्या, पक्ष्यांचे थवे, दुपारचा तापलेला वारा यांची नोंद ठेवणे मोठ्या विमानतळावरही आवश्यक असते; परंतु साहाय्यक यंत्रणा जेथे मोजकी असते, तेथे ही नोंद वैमानिकाच्या स्वभावात मुरते.

आता दुसरी बाजू. प्रादेशिक विमानसेवेसाठीच्या सरकारी ‘उडान’ योजनेची पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी निघाली, त्यांत नांदेड-हैदराबाद हे मराठवाड्याचे विमान होते, आणि ते चालविणारी कंपनी होती ‘ट्रूजेट’. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिची उड्डाणे बंद पडली. त्यापूर्वी मुंबई-जळगाव मार्गावर २०१७ च्या अखेरीस आलेली ‘एअर डेक्कन’ २०२० च्या एप्रिलमध्ये थांबली. महाग इंधन, भाड्याने घेतलेली मोजकीच विमाने, मर्यादित मुदतीचे सरकारी अनुदान, आणि एक विमान दुरुस्तीस गेले की कोलमडणारे वेळापत्रक, या कारणांनी प्रादेशिक कंपन्या अल्पायुषी ठरतात. सरकारी मालकीची ‘अलायन्स एअर’ १९९६ पासून टिकून आहे. कोल्हापूरच्या घोडावत उद्योगसमूहाची ‘स्टार एअर’ २०१९ पासून एम्ब्रेअर जेटवर चालते. यांपैकी कोणतीही निवडताना तिच्याजवळ किती विमाने प्रत्यक्ष उडत आहेत आणि पगार वेळेवर होतो काय, हे तेथे काम करणाऱ्या वैमानिकांनाच विचारावे. जाहिरातीवर विसंबू नये.

विमानाची जातही पाहावी. प्रत्येक जातीसाठी वेगळे ‘टाइप रेटिंग’ घ्यावे लागते, आणि त्याचा खर्चही पुन्हा लाखांत असतो. एटीआर वापरणाऱ्या कंपन्या देशात अनेक आहेत, इंडिगोसारखी मोठी कंपनीही त्यांत आहे; म्हणून एक कंपनी बुडाली तरी ते रेटिंग दुसरीकडे उपयोगी पडते. जे विमान देशात एखादीच कंपनी चालविते, त्याच्या रेटिंगला असा आधार नसतो. त्याचप्रमाणे तासांचा हिशेब मांडावा: कॅप्टन होण्यासाठीच्या वरिष्ठ वाहतूक परवान्यास १,५०० तास लागतात, वर्षाला कायद्याने १,००० हून अधिक तास उडता येत नाही, ज्या कंपनीत वर्षाकाठी सातशे तास मिळतात तेथे प्रशिक्षणातील २०० तास धरून दोन वर्षांत तासांची अट पुरी होते, तर ज्या कंपनीची निम्मी विमाने जमिनीवर उभी असतात तेथे चार वर्षेही लागतील.

सर्वांत अधिक सावधगिरी करारनाम्याच्या बाबतीत हवी. रेटिंगचा खर्च कंपनीने केला असेल तर ती काही वर्षांचा बाँड लिहून घेते, त्यावर पुष्कळदा वडिलांची जामीन म्हणून सही मागते, आणि मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास मोठी रक्कम वसूल करण्याचा हक्क राखून ठेवते. शिवाय महासंचालनालयाने २०१७ मध्ये सहवैमानिकास सहा महिन्यांची व कमांडरला एक वर्षाची पूर्वसूचना बंधनकारक केली. कंपनीनेच उड्डाणे थांबविली तर बाँडचे काय होणार, पगार थकला तर मुक्त होता येईल काय, बाँडची रक्कम दरवर्षी घटत जाते काय, ही तीन कलमे स्पष्ट शब्दांत लिहिलेली नसतील तर ती लिहून मागावीत, आणि कंपनी नकार देत असेल तर दुसरी पाहावी.

तेव्हा युसूफ वडगावच्या, अथवा कोणत्याही गावच्या, आईवडिलांना माझी विनंती आहे की, नेमणुकीच्या आनंदात त्याच दिवशी सही करू नका. करारनाम्याची प्रत घरी आणा, केजच्या किंवा अंबाजोगाईच्या एखाद्या जाणत्या वकिलाकडून ती ओळ न ओळ वाचून घ्या, आणि जामीनखतावर तुमचे नाव असेल तर तुमच्या जमिनीवर नेमका किती बोजा येतो हे समजल्यावरच लेखणी उचला.