मनाचा आघात आणि हृदय

'धक्का बसून छातीत कळ आली' असे आपण सहज म्हणतो. वैद्यकशास्त्रातही अशा एका विकाराची नोंद आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये त्याचे वर्णन 'ताकोत्सुबो' या नावाने केले. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडण्याचे मडके. रुग्णाच्या हृदयाचा डावा कप्पा काही काळ फुगून तसा दिसतो. तीव्र दुःख वा भीतीमुळे अॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरके एकाएकी वाढून हृदयाचे स्नायू दुबळे होतात, असे मानले जाते. २००४ मध्ये जपानमधील निइगाता येथील भूकंपानंतर असे रुग्ण वाढले होते. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो.

ईसीजी हृदयविकाराच्या झटक्यासारखा दिसतो. अँजिओग्राफीत मात्र त्यास कारणीभूत अडथळा बहुधा सापडत नाही. मग 'खर्च वाया गेला' असे कुटुंबीयांना वाटते. परंतु त्या तपासणीवाचून दोहोंतील भेद निश्चित करणे कठीण असते. बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. तथापि आरंभीचे दिवस जोखमीचे असतात. म्हणून शोकाकुल घरात कोणाच्या छातीत दुखू लागल्यास 'रडून रडून झाले असेल' असे न समजता रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे, ही नम्र विनंती.