सुरतेतील दोन घरे

सुरतेची लूट म्हटली की मराठी माणसाची छाती अभिमानाने फुगते. पिढ्यान्‌पिढ्या सुरतेतच राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना मात्र हा विषय शेजाऱ्यांपुढे जरा जपूनच काढावा लागतो. त्या हकिकतीतील एक छोटी नोंद आम्हांस फार मोलाची वाटते.

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. धनिकांचे वाडे लुटले गेले. परंतु फादर अँब्रोज या कॅपुचिन पंथाच्या कॅथलिक धर्मगुरूंच्या निवासास धक्का लागला नाही. ही साधुवृत्तीची माणसे आहेत, त्यांना त्रास देऊ नये, असा महाराजांचा भाव होता, असे फ्रेंच प्रवासी बर्निये लिहितो. डच व्यापाऱ्यांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही, तो हयातीत मोठा दानधर्मी होता असे कळल्यावरून, वाचले, हेही तोच सांगतो.

एक घर ख्रिस्ती पाद्रीचे, दुसरे हिंदू दलालाचे. दोन्ही राखली गेली ती लौकिकामुळे. आणि लौकिक एका दिवसाच्या प्रवचनाने मिळत नाही, तो रोजच्या वागण्यातून साठत जातो.

हे सारे आठवण्यास निमित्त झाल्या आमच्या शाळेतील एक शिक्षिका. त्या मूळच्या वसईच्या, कॅथलिक. आमच्या मातोश्री अंथरुणास खिळल्या, तेव्हा महिनाभर शाळा सुटल्यावर बाई येत, त्यांची वेणी घालीत, चार गोष्टी बोलत. धर्माचा विषय त्यांनी चुकूनही काढला नाही. मातोश्री निवर्तल्यावर आभार मानावयास आम्ही एका सायंकाळी त्यांच्या घरी गेलो. दिवेलागणीची वेळ होती. सारे कुटुंब येशूच्या तसबिरीपुढे बसून जपमाळेची प्रार्थना म्हणत होते, आणि तीही स्वच्छ मराठीत! रस्त्यावर गुजरातीत खेळणारी मुले येथे एकही शब्द न अडखळता म्हणत होती.

या मराठीमागे मोठी परंपरा आहे. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले, येथील भाषा शिकले आणि ख्रिस्तकथा त्यांनी ओवीछंदात सांगितली. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून निघाले. तरीही पुढे कित्येक पिढ्या मिस्सेची भाषा लॅटिनच राहिली. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेस वाट करून दिली, तेव्हा वसईच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होऊ लागली. पुढे वसईच्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते निवर्तले.

त्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबास घरातील चर्च मानले आहे. मुलांना श्रद्धेची पहिली ओळख आईबापांच्या शब्दांतून आणि आचरणातून व्हावी, ही त्यामागील अपेक्षा. तिचा अर्थ आम्हांस त्या सायंकाळी उमगला. माळ संपल्यावर बाईंच्या यजमानांनी मुलांस विचारले, “आज कोणाचे मन दुखावले का?” धाकट्याने वर्गमित्रास चिडविल्याचे कबूल केले. मग यजमान स्वतः म्हणाले, “मी आज रिक्षावाल्याशी उगाच वाद घातला.” मुलांपुढे बापाने आपली चूक सांगावी, हे आम्ही प्रथमच पाहिले.

परतताना मन खिन्न झाले. मराठीचे एम.ए. आम्ही, परंतु आमच्या घरातील शुभंकरोती केव्हा बंद पडली, हे आम्हांस सांगता येईना. बाईंनी आम्हांस धर्म बदलण्यास सांगितले नव्हते, आम्ही तो बदललाही नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून देवापुढे निरांजन लावून नातवंडांसह बसू लागलो. पहिल्याच सायंकाळी तो प्रश्न आम्ही स्वतःस विचारला. त्या दिवशी एका विद्यार्थ्यास, त्याचे ऐकून न घेता, आम्ही प्रार्थनेच्या वेळी सर्वांदेखत रागे भरलो होतो. नातवंडांपुढे ते सांगताना जीभ जड झाली. नात म्हणाली, “आजोबा, मग उद्या त्याला सॉरी म्हणा.”

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळीच, सर्वांदेखत, आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. बाई रांगेच्या टोकास उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.