धूर, धूळ, वाफ आणि वायू : हजीऱ्याच्या निमित्ताने

तापी खानदेशातून वाहत सुरतेला येते आणि हजीऱ्यापाशी समुद्राला मिळते. खानदेशातली असंख्य कुटुंबेही याच दिशेने सुरतेत आली. उधना, लिंबायत भागांत आज मराठी सर्रास ऐकू येते. हजीऱ्यात खत, पोलाद, पेट्रोरसायने आणि नैसर्गिक वायूचे मोठे कारखाने आहेत. त्यांच्या चिमण्यांतून जे बाहेर पडते त्याला आपण सरसकट ‘धूर’ म्हणतो. गप्पांत हे चालते. पाठ लिहिताना किंवा कामगारांसाठी सूचना तयार करताना मात्र हा एक शब्द पुरत नाही.

पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यावरचा पांढरा लोट बहुधा वाफेचा असतो. कोळशाच्या भट्टीतून राखेची बारीक धूळ उडते. सल्फर डायऑक्साइडसारखा वायू तर डोळ्यांना दिसतच नाही. म्हणजे जास्त दिसते ते जास्त घातक, असे समीकरण नाही.

पकडण्याची साधनेही म्हणूनच निरनिराळी. ‘सायक्लोन’मध्ये हवा गरगर फिरते, जड कण भिंतीवर आपटून खाली पडतात. ‘बॅग फिल्टर’ म्हणजे कापडी पिशव्यांची गाळणी; ती बारीक धूळही अडवते. विद्युत अवक्षेपकात कणांना विद्युतभार देऊन पत्र्यांवर ओढून घेतात. वायू मात्र या तिन्हींतून सहसा निसटतो. त्याला ‘स्क्रबर’मध्ये पाण्याने किंवा चुन्याच्या निवळीसारख्या द्रावणाने धुवावे लागते. तेव्हा ‘कारखान्यात फिल्टर बसवला’ एवढीच बातमी अपुरी. कशासाठी बसवला, हे सांगायला हवे. ‘शुद्धीकरण’ हा शब्दही जपून वापरावा. पकडलेली घाण नाहीशी होत नाही. ती राख, गाळ किंवा सांडपाणी होऊन उरते आणि तिची विल्हेवाट लावावीच लागते.

शब्दशः भाषांतराचा धोका हजीऱ्यात ठळक दिसतो. वसईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समुद्रातील क्षेत्रातून ओएनजीसीच्या इथल्या प्रकल्पात येणाऱ्या नैसर्गिक वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. अशा वायूला तंत्रज्ञांच्या इंग्रजीत ‘आंबट’ म्हणतात आणि तो घटक काढून टाकण्याला ‘गोड करणे’. हे शब्द तसेच मराठीत आणले तर वाचकाला लोणचे आठवेल, विष नव्हे. ‘विषारी गंधकयुक्त वायू’ असे लिहिणे बरे. हायड्रोजन सल्फाइडला कुजलेल्या अंड्यांसारखा वास येतो, पण तो हवेत फार वाढला की नाकाची जाणीवच बधिर होते. म्हणून ‘वास आल्यास बाहेर पडा’ ही सूचना अपुरी आहे. ‘वास थांबला म्हणजे धोका टळला असे समजू नका; मापकाचा इशारा होताच बाहेर पडा’ ही ओळ जीव वाचवू शकते.

दुसरा फसवा शब्द ‘प्रमाण’. एक घनमीटर हवेत किती मिलिग्रॅम धूळ, हेही प्रमाण. आणि महिन्याभरात एकूण किती किलो धूळ बाहेर पडली, हेही प्रमाणच. पहिल्यासाठी पाठ्यपुस्तकातला ‘संहती’ हा शब्द आहे, दुसऱ्यासाठी ‘एकूण उत्सर्जन’ म्हणावे. हा फरक पुस्तकी नाही. 2019 मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुरत परिसरात धूलिकणांच्या उत्सर्जन-परवान्यांचा बाजार सुरू केला. धूलिकणांसाठीचा हा जगातला पहिला बाजार. त्यात चिमणीवरचे यंत्र सतत मोजणी करते, सगळ्या सहभागी कारखान्यांच्या एकूण उत्सर्जनावर मर्यादा असते आणि कमी धूळ सोडणारा आपला उरलेला परवाना दुसऱ्याला विकू शकतो. सहभागी कारखान्यांची धूळ 20 ते 30 टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासात आढळले. ‘प्रमाण घटले’ एवढेच लिहिले, तर यातले नेमके काय घटले ते वाचकाला कळत नाही.

परिभाषा घडवताना कोशातील शब्द आणि कामगाराच्या तोंडचा शब्द शेजारी ठेवावेत. ‘स्क्रबर’, ‘बॅग फिल्टर’ खुशाल राहू द्यावेत, फक्त ते काय पकडतात आणि काय सोडून देतात, हे सोबत सांगावे. चिमणीखाली राहणाऱ्या माणसाला प्रश्न विचारता यावा, एवढे बळ भाषेने त्याला द्यायला हवे.