भांडी पुसायला टॉवेल: जाड घ्यावा की पातळ?

स्वयंपाकघरासाठी टॉवेल घ्यायला गेलं की हात आपसूक सगळ्यात जाड, मऊ टॉवेलाकडे जातो. दुकानदारही जीएसएमचा मोठा आकडा दाखवून भुरळ घालतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, एवढंच. कापड पाणी किती चटकन टिपेल आणि पेल्यावर तंतू सोडेल की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी वीण बघावी लागते.

सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि अंग पुसायला तो उत्तमच. टेरीत सुताचे बारीक फास कापडाच्या बाहेर उभे असतात, त्यांत भरपूर पाणी मावतं. पण हेच फास काचेच्या पेल्यावर तंतू सोडतात, काट्याच्या दात्यांत अडकतात, आणि मुंबई-कोकणात जुलै महिन्यात सकाळी भिजलेला टॉवेल संध्याकाळीही दमटच लागतो. भांड्यांना सपाट विणीचं पातळ सुती कापड बरं: पंचा, मांजरपाट किंवा जुन्या धोतराचा तुकडा. काचेला लिनन त्याहून सरस. जवसाच्या खोडातला हा धागा कापसापेक्षा लांब असतो, म्हणून तंतू कमी सुटतात. मात्र महाग. ज्यांना सपाट कापड अपुरं वाटतं, त्यांनी खोलगट चौकटींच्या ‘वॅफल’ विणीचं घ्यावं.

‘नवा टॉवेल पाणीच टिपत नाही, फसवलं दुकानदाराने’ ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा दुकानदाराचा दोष नसतो. विणताना ताणा तुटू नये म्हणून सुताला खळ लावतात, शिवाय तयार कापड गुळगुळीत दिसावं म्हणूनही वरून काहीबाही चढवतात. गरम पाण्यात दोन-तीनदा धुतल्यावर ते निघतं. जुनं धोतर इतकं छान पाणी टिपतं ते याचमुळे. वर्षानुवर्षं धुऊन त्यात कापसाशिवाय काही उरलेलंच नसतं.

याच्या उलट चूक म्हणजे फॅब्रिक कंडिशनर. त्याने टॉवेल मऊ होतो, सुवासिकही होतो, पण तो मऊपणा धाग्यावर बसलेल्या स्निग्ध थराचा असतो आणि पाणी त्यावरून ओघळतं. हाताचं तेल-तूप लागूनही तसंच होतं. अशा फडक्यांना कडकडीत पाणी आणि धुण्याचा सोडा पुरे.

आता ओव्हन. इथला गैरसमज मात्र खरोखर भाजवणारा आहे: ओलं फडकं हाताला जास्त जपतं. कोरड्या कापडाच्या धाग्यांमध्ये हवा अडकलेली असते, तीच उष्णता अडवते. कापड भिजलं की हवेची जागा पाणी घेतं, आणि पाण्यातून उष्णता हवेच्या वीसपटींहून अधिक सहज वाहते. 200 अंशांचा ट्रे ओल्या फडक्याने धरला की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती थेट बोटांवर येते. ट्रे धरायचं कापड कोरडं, सुती आणि जाड हवं. जाडपणाचं चीज होतं ते इथे. मायक्रोफायबर अजिबात नको. तो पॉलिएस्टर आणि नायलॉनचा असतो, आणि नायलॉनचा एक नेहमीचा प्रकार 220 अंशांच्या आसपास वितळतो, मऊ तर त्याआधीच पडतो. काच चकचकीत करायला तो ठेवा, चुलीजवळ नको.

पावाची कणीक फुगायला ठेवताना टेरीचा टॉवेल झाकला, तर फुगलेली कणीक फासांना चिकटते आणि तंतू पावात जातात. सपाट कापड भिजवून घट्ट पिळून झाकावं. पाणी निथळणारं नको, आणि कोरडंही नको. कोरडं कापड कणकेचाच ओलावा ओढतं आणि वर कातडं धरतं. मोदकाची उकड आपण ओल्या फडक्याखाली ठेवतो तीही याचसाठी.

राहता राहिली स्वच्छता. ‘भांडी तर धुतलेलीच असतात, मग फडकं कशाने घाण होईल?’ मॉरिशस विद्यापीठातल्या संशोधकांनी महिनाभर वापरलेले 100 किचन टॉवेल तपासले आणि 2018 मध्ये निष्कर्ष मांडले: 49 टॉवेलांवर जिवाणूंची वाढ होती. एकाच टॉवेलाने हात, ओटा, भांडी सगळं पुसलं जात होतं तिथे ती जास्त, आणि दमट टॉवेलांवरही जास्त. अमेरिकेतली उपाहारगृहांसाठीची आदर्श नियमावली तर निर्जंतुक केलेली भांडी कापडाने पुसू नका, हवेवर वाळू द्या असं सांगते. घरीही जाळीत निथळलेलं ताट पुसायची गरज नसते. पुसावं ते काच, सुरी, लोखंडी तवा.

एकच महागडा टॉवेल घेण्यापेक्षा त्याच पैशांत पातळ पंचे जास्त येतात. भांड्यांचा वेगळा, हात पुसायचा वेगळा, रोज एक उन्हात. डागाळला की ओट्याला, आणि विरला की मसोतं.